दत्तरावाचा ब्रेक

(मानवत येथे मिस्त्री दत्तराव कच्छवे यांच्या सत्कार व निरोप समारंभात श्रीनिधी देऊळगावकर यांनी केलेले भाषण)

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक श्री. गोविंदराव देऊळगावकर सर. प्रमुख पाहुणे, आपल्या जीप मालक-चालक संघटनेचे आधारस्तंभ श्री. भगवानरावजी; ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून जमलो ते सत्कारमूर्ती श्री. दत्तराव कच्छवे आणि त्यांच्या सौभाग्यवती कमलबाई. सूत्रसंचालन करणारे आणि मघापासून मला मनगटावरचं घड्याळ दाखवणारे भागवतभाऊ. समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि खुर्च्या रिकाम्या असतानाही मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तमाम ड्रायव्हर मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांना मी 'सर' म्हणाले, कारण व्यासपीठावर तसं म्हणायची रीत आहे. घरी मी त्यांना बाबा म्हणते. मानवतमध्ये गणपती असो, ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो की कुणाची एकसष्टी असो, अध्यक्षाच्या खुर्चीवर बाबाच असतात. आई म्हणते, यांना घरातली खुर्ची टोचते. आई, हसू नकोस, तूच म्हणतेस.

पण आज ते सहजासहजी आलेले नाहीत, हे मी मोठ्या आदरानं सभागृहाच्या निदर्शनास आणून देते. अध्यक्ष बाबांनाच करा, असा हट्ट मीच भागवतभाऊंकडे धरला होता. आता व्यासपीठाकडे नीट बघा. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला दत्तरावकाका, आणि मध्ये भगवानराव. या दोन माणसांनी गेली सहा वर्षं एकमेकांना 'कसे आहात' एवढंही विचारलेलं नाही. ही गोष्ट गावात कुणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मघाशी हार घालताना एवढी शांतता पसरली होती.

असो. त्या विषयाकडे मी येणारच आहे.

भागवतभाऊंनी माझी ओळख करून देताना 'या मातीची कर्तबगार कन्या' वगैरे पुष्कळ काही सांगितलं. एवढं काही नाही हो. मी चाकणजवळ एका कारखान्यात ब्रेकची चाचणी घेते. लोक गाड्या पळवायला शिकतात, मी गाड्या थांबवायचं काम करते. मला निरोप असा होता की, श्रीनिधीताई, दहा मिनिटं बोला, तुमच्या यशाबद्दल बोला आणि मुलींना चार प्रेरणेच्या गोष्टी सांगा. प्रेरणा देईन म्हणा, पण माझ्या यशात दुसऱ्या कुणाचं तरी नाव खर्ची पडलेलं आहे. ते आधी सांगितल्याशिवाय मला बाकीचं बोलताच यायचं नाही.

छत्तीस वर्षं पाथरी नाक्यावरचं भवानी मोटार गॅरेज चाललं. उद्यापासून शटर बंद. काका आणि काकू लेकीकडे, रुपालीताईकडे, संभाजीनगरला राहायला निघाले. सामान गेलंसुद्धा, आता दोन पिशव्या आणि हे दोघं तेवढे राहिलेत. त्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुसरं वर्ष म्हणजे माणसाला सगळं येत असतं. बाबांच्या पांढऱ्या गाडीचा ब्रेक किरकिरत होता. मी ऐटीत सांगितलं, "काका, पुढचे पॅड बदला आणि सगळ्यात भारी टाका."

दत्तरावकाका फडक्याला हात पुसत उभे राहिले. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "पहिला ब्रेक कुठं लागतो?"

मी म्हटलं, "काका, ब्रेक पायानं लागतो."

"तसं न्हाई पोरी. सकाळी गाडी घराभाईर काढली, की पहिला ब्रेक कुठं लागतो? म्होरं काय असतं?"

आता आमची गल्ली तुम्हाला माहीत आहे. घरापासून उतार लागतो तो थेट हापशापर्यंत, आणि सकाळी हापशावर बायकांची ही गर्दी. मी म्हटलं, "गल्लीच्या तोंडाशी, हापशापाशी लागतो."

"बरं. आन् तुझ्याबिगर किल्ली आनखी कोन उचलतं?"

"बाबा."

"मंग झालं. सरांचा पाय हलका हाय, मी बघितलाय. हलक्या पायाला थंडीत बी लगेच धरनारा पॅड पायजे. भारी-बिरी काय नगं." आणि त्यांनी साधा, रोजच्या वापराचा पॅड बसवला.

बंधू-भगिनींनो, आमच्या कारखान्यात एखाद्या गाडीसाठी ब्रेक पॅड निवडायचा तर एकशेवीस रकान्यांचा तक्ता भरावा लागतो. वजन किती, वेग किती, पॅड जिला दोन्हीकडून धरतो ती चाकातली चकती, म्हणजे डिस्क, किती तापते, पॅड किती झिजतो, आवाज किती येतो. पाच इंजिनिअर बसून तो भरतात, आणि त्यातली एक मी. त्या सगळ्या तक्त्यात मला हे दोन प्रश्न कुठे सापडले नाहीत. शेवटी मीच ते पेन्सिलनं वर लिहून ठेवले. आमचे साहेब विचारतात, हे कुठल्या पुस्तकातलं? मी सांगते, पाथरी नाक्यावरचं.

हे प्रश्न काकांनी कुणाला विचारले नाहीत? भगवानराव, तुमचाच किस्सा आहे, सांगू का? सांगतेच. भगवानरावांनी नवी जीप घेतली तेव्हा कुठल्याशा शर्यतीच्या गाडीचे पॅड मागवले होते. डबीवर ज्वाळा काढलेल्या. काकांनी डबी उघडली, हुंगली आणि विचारलं, "पहिला ब्रेक कुठं लागतो?" भगवानराव म्हणाले, "आमच्या दारातच, म्हाताऱ्या आईच्या बाजेपुढं." काकांनी डबी बंद केली. "हे पॅड घरी देव्हाऱ्यात ठेवा. गाडीला नगं." दोन महिने भगवानराव रागावून होते. डबी अजून आहे म्हणे घरी.

राग येणं साहजिक आहे. भारी वस्तू आणली की ती सगळीकडेच भारी चालणार, असं आपल्याला वाटतं. पण ब्रेकचं तसं नसतं. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी दर वळणाला ताशी शंभराहून पन्नासवर आणायची, पुन्हा पळवायची, पुन्हा दाबायचं. तिथे रोजचा पॅड चार फेऱ्यांत इतका तापतो की पकडच सोडतो. पाय खाली जातो आणि गाडी आपली चाललेली असते. तिथे ट्रॅकचा पॅडच हवा. पण तोच ट्रॅकचा पॅड सकाळी, गार असताना, साध्या पायाला दाद देत नाही. काकांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं, "तवा तापल्याबिगर भाकर टाकायची न्हाई." मी पुढे त्यावर अठ्ठावीस पानांचा अहवाल लिहिला. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

भागवतभाऊ, चिठ्ठी मिळाली. 'आवरतं घ्या.' वाचली आणि पर्समध्ये ठेवली. आता मुद्द्यावरच येते.

मघाशी भगवानराव भाषणाच्या शेवटी म्हणाले, "मंडळी, जेवण वेळेवर सुरू करा, न्हाईतर व्हायचा दत्तरावाचा ब्रेक!" सगळं सभागृह हसलं. भिंतीजवळची मंडळी तर शिट्ट्या वाजवायची तेवढी राहिली. आणि दत्तरावकाकाही हसले. तुम्ही पाहिलंत का ते कसे हसले? मी पाहिलं. काकूंनी मात्र पदर सारखा करायच्या निमित्तानं मान खाली घातली.

सहा वर्षं झाली, हा आपल्या गावचा वाक्प्रचार झालाय. वरात उशिरा आली की दत्तरावाचा ब्रेक. परवा किराणा दुकानात एवढीशी पोरगी आईला म्हणत होती, "तुझा डबा म्हंजे दत्तरावाचा ब्रेक." तिला दत्तराव कोण हेही माहीत नसेल. ज्या माणसानं छत्तीस वर्षं या तालुक्यातल्या गाड्या थांबवल्या, त्याचं नाव आपण वेळेवर न थांबण्याला दिलं. भगवानराव, तुम्हाला दोष देत नाही. हा शब्दप्रयोग ज्या सकाळी जन्माला आला, त्या सकाळची खरी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेलीच नाही. ज्यांना माहीत होती अशी माणसं दोनच. एक सत्कारमूर्ती. दुसरी तुमच्यासमोर उभी आहे.

तुम्हाला माहीत आहे तेवढं आधी सांगते. जानेवारीतला सोमवार. सकाळी पावणेसातला बाबा शाळेत जायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. ती हापशाच्या ओट्यावर जाऊन आदळली. केवळामावशी शेळ्या घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या बाजूला उडी मारताना पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांची एक गाभण शेळी गेली. आठच दिवसांपूर्वी गाडी दत्तरावांच्या गॅरेजातून आली होती. दुपारी दत्तरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "काम माझ्या हातचं हाय, चूक माझी हाय." झालं. गावाला निकाल मिळाला.

आता जे माहीत नाही ते सांगते. आई, पाणी नको मला. मी ठीक आहे.

त्याच्या आदल्या शुक्रवारी मी बाबांची गाडी मागून घेतली होती. निजामाबादला मैत्रिणीचं लग्न आहे, असं सांगून. तिथे कुणाचंही लग्न नव्हतं. हैदराबादच्या अलीकडे एक खासगी ट्रॅक होता, आणि तिथे हौशी चालकांसाठी दोन दिवसांची वेळ लावून धावायची चाचणी होती. माझं नाव मी महिनाभर आधी नोंदवलं होतं. बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणाला असतात ना? म्हणून विचारलंच नाही.

ट्रॅकचे पॅड मी नांदेडच्या एका वर्गमैत्रिणीकडून मिळवले आणि काकांकडे नेले. काकांनी दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले. पहिला ब्रेक कुठं लागतो? मी म्हटलं, ट्रॅकवर. किल्ली आणखी कोण उचलतं? आणि मी, गोविंदराव सरांची मुलगी, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "कुणी नाही. गाडी आता माझ्याकडेच असते."

तरीही त्यांनी ते पॅड गॅरेजात बसवले नाहीत, हे नीट ऐका. गाडी त्यांच्या दारातून साध्या पॅडवरच बाहेर पडली. ट्रॅकचे पॅड त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि जॅक लावून, बोल्ट काढून पॅड कसे बदलायचे ते माझ्याकडून तीन वेळा करून घेतलं. म्हणाले, "तिथं गेल्यावर घालायचे, तिथंच काढायचे. हे घालून सडकंवर एक किलोमीटर बी यायचं न्हाई. आन् न्हाईच जमलं, तर घरी जायच्या आधी माझ्याकडं ये. रविवार असू दे, मी शटर उघडं ठिवतो."

ट्रॅकवर मी सहा जणांत चौथी आले. हसा, हसा. पण पहिल्या दिवसापेक्षा माझी फेरी दोन सेकंदांनी कमी झाली होती, आणि ते दोन सेकंद डोक्यात घेऊन मी निघाले. डिस्क इतक्या तापल्या होत्या की हात लावता येईना. गार व्हायला तासभर थांबायला हवं होतं, मग पॅड बदलायला आणखी एक तास. तेवढ्यात घरचा फोन आला, कधी निघालीस? मी म्हटलं, रस्त्यात आहे. आणि तशीच निघाले. वाटेत ब्रेक किंचाळत होता, चहाला थांबून पुन्हा निघाले की पहिल्या दाबाला गाडी थोडी पुढे जात होती. मला ते कळत होतं. मी जोरात पाय दाबत होते, एवढंच.

दिवेलागण होऊन गेल्यावर मी गावात शिरले. पाथरी नाक्यावर एकच शटर अर्धं उघडं होतं. आत दिवा होता आणि काका स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना लांबूनच पाहिलं. थांबले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण उशीर झाला तर बाबा लग्नाबद्दल चार प्रश्न विचारतील, म्हणून मी कापूस बाजाराच्या मागच्या रस्त्यानं गाडी वळवली आणि घरी गेले. मनात म्हटलं, सकाळी उठून बदलू. किल्ली खिळ्याला लावली आणि झोपले.

सकाळी ती किल्ली बाबांनी उचलली.

दत्तरावकाका, हात वर करून 'पुरे' म्हणू नका. सहा वर्षं तुम्ही मला गप्प बसवलंत, आज नाही बसणार.

ब्रेक लागले नाहीत असं नव्हतं. उशिरा लागले. आता माझं कामच ते आहे, म्हणून मी हिशेब करून पाहिलाय. बाबांच्या नेहमीच्या दाबाला त्या थंडीत, त्या गार पॅडवर, त्या उतारावर गाडी नेहमीपेक्षा दहा फूट पुढे जाते. दहा फुटांवर हापशाचा ओटा आहे. तेवढ्याच अंतरात केवळामावशी होत्या.

दुपारी काकांनी चाक काढलं आणि त्यांना दिसलं. संध्याकाळी मी गॅरेजात गेले तेव्हा त्यांचे पॅड बदलून झाले होते. ट्रॅकचे पॅड कागदात गुंडाळून ठेवले होते, गाडीत राहिलेल्या त्याच कागदात. मला वाटलं, आता शिव्या बसतील. काका म्हणाले, "घरी काय सांगितलीस?"

"लग्नाला गेले होते म्हणून."

त्यांनी ते पुडकं उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "मी सांगून आलोय चूक माझी हाय म्हणून. आता त्यात बदल न्हाई."

मी रडायला लागले. म्हटलं, "पण चूक तुमची नाही!"

"हाय की. गाडी सरांची हाय हे मला दिसत न्हवतं का? तू म्हनलीस किल्ली कोनी उचलत न्हाई, आन् मी खातरजमा न करता कबूल केलं. तू शिकायलीस अजून. आज खरं सांगितलं तर तुझं शिक्षान बंद होईल, मंग तू बी गेलीस आन् माझं नाव बी गेलंच. माझं नाव मी परत मिळवीन. हात हायेत मला." आणि मी दारातून बाहेर पडताना म्हणाले, "एक कर. ब्रेक शीक. नीट शीक."

मी शिकले. त्या एका वाक्यावर मी आज इथे उभी आहे. भागवतभाऊ, ही माझी प्रेरणा.

आणि पुढच्या सहा आठवड्यांत काकांनी काय केलं, ते तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. केवळामावशींचा हात प्लास्टरमध्ये, शेळ्या कोण चारणार? रोज पहाटे दत्तराव मिस्त्री काठी घेऊन माळावर. गॅरेज दहाला उघडायचं. लोक म्हणायचे, "ब्रेक जमंना म्हनून शेळ्या हाकायलाय!" मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि सुट्टी संपली म्हणून नांदेडची बस पकडली. शाळेच्या गाड्या त्यांच्याकडून गेल्या. जीपवाले गेले. निम्मे कधी परत आलेच नाहीत. काय बेइज्जती सोसली या माणसानं! आणि कुणासाठी, तर खोटं बोलणाऱ्या एका पोरीसाठी.

काय म्हणालात, केवळामावशी? मोठ्यानं म्हणा, सगळ्यांना ऐकू द्या. 'तवाच सांगायला तुला काय झालं होतं?'

भीती वाटली, मावशी. दुसरं काही कारण नाही. तुमचं मनगट अजूनही थंडीत दुखतं, हे मला माहीत आहे. तुमची शेळी परत येत नाही, हेही माहीत आहे. उद्या मी तुमच्या घरी येणार आहे, तेव्हा जे बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.

'ये. भाकर खाऊन जा.' बरं. येते.

आता अध्यक्ष महोदयांकडे वळते. बाबा, माझ्याकडे बघा. तुम्ही गावात दत्तरावांना नावं ठेवलीत, पण त्या रात्री तुम्ही आईला जे विचारलंत ते मी दाराआडून ऐकलंय. तुम्ही म्हणालात, "पद्मजा, माझाच पाय उशिरा पडला असेल का गं?" आई 'नाही' म्हणाली, पण तुमचा विश्वास बसला नाही. त्या दिवसानंतर तुम्ही गाडीला हात लावलेला नाही. शाळेच्या निरोप समारंभाला तुम्ही रिक्षानं गेलात. गाडी विकायचीही नाही आणि चालवायचीही नाही. कुणी विचारलं तर म्हणता, "आता डोळ्यांना जमत नाही." तुमचे डोळे चांगले आहेत. मागच्या रांगेतला गप्पा मारणारा माणूस तुम्हाला इथून दिसतो.

बाबा, तुमचा पाय चुकला नव्हता. तो जिथे पडायचा तिथेच, वेळेवर पडला होता. दत्तरावकाकांचा हातही चुकला नव्हता. चुकले मी. हे मला सहा वर्षांपूर्वी सांगता आलं असतं, आणि रोज सकाळी सांगता आलं असतं. ते मी केलं नाही, याची मला लाज वाटते.

काल दुपारी मी ती पांढरी गाडी गॅरेजात नेली. भवानी मोटार गॅरेजचं ते शेवटचं काम होतं. काकांनी फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "पहिला ब्रेक कुठं लागतो?" मी म्हटलं, "गल्लीच्या तोंडाशी, हापशापाशी." त्यांनी विचारलं, "किल्ली आनखी कोन उचलतं?" मी म्हटलं, "बाबा." काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सर उचलतेत व्हय आता?" मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्या पायाचा पॅड टाका, पुढचं मी बघते."

ही ती किल्ली. ही मी अध्यक्षांच्या टेबलावर, हारांच्या शेजारी ठेवते. उद्या सकाळी काका-काकूंना मानवत रोड स्टेशनवर सोडायचं आहे. भगवानरावांनी जीप सांगितली आहे, त्यांचे आभार, पण भगवानराव, जीप राहू द्या. गाडी बाबांनी चालवावी अशी माझी विनंती आहे. पुढे काकांनी बसावं. मी मागे काकूंजवळ पिशव्या धरून बसेन. बाबा, तुम्ही नाही म्हणालात तरी मी काही बोलणार नाही. तो अधिकार मी सहा वर्षांपूर्वीच गमावला.

सभागृहाला मात्र एक मागणं आहे. 'दत्तरावाचा ब्रेक' हा शब्द मोडीत काढा असं मी म्हणत नाही. वापरा, खुशाल वापरा. पण जो वेळेवर थांबतो, दुसऱ्याला सावरतो आणि वर दोषही स्वतःकडे घेतो, त्याच्यासाठी वापरा. असा माणूस रोज भेटत नाही, त्यामुळे शब्द थोडा कमी वापरला जाईल. चालेल. भगवानराव, टाळ्या तुम्हीच सुरू केल्यात, फार बरं वाटलं.

या समारंभाचे आयोजक, हा हॉल देणारे, मघापासून थांबलेले आचारी, आणि मला बोलू देणारे आपण सर्व, यांचे मी मनापासून आभार मानते. काकूंचे वेगळे आभार. त्यांना हे सगळं ठाऊक नव्हतं, आणि तरी सहा वर्षं त्यांनी प्रत्येक सुट्टीत मला गॅरेजात चहा पाजला.

एक मिनिट. आणखी एक चिठ्ठी आली आहे. भागवतभाऊ, मी संपवतेच आहे हो... नाही, ही भागवतभाऊंची नाही. अध्यक्षांची आहे. हे अक्षर मी ओळखते, या अक्षरात माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या आहेत.

वाचू का, बाबा? वाचते.

'तुझ्याशी घरी बोलेन. दत्तरावांना विचार, स्टेशनवर किती वाजता पोचायचं.'

सव्वासातची ट्रेन आहे, बाबा. सात वाजता पोचायला हवं, म्हणजे साडेसहाला निघू. गार असेल, पण काकांनी बघून ठेवलंय.

बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची पद्धत आहे. मला तसं म्हणता येत नाही. झालं असेल कसलं, झालंच आहे. दत्तरावकाका, केवळामावशी, बाबा, मला माफ करा. नमस्कार.